अस्थी कुठे न्याव्यात?



तळोज्याच्या पट्ट्यात दशक्रियेच्या प्रवचनाला मी गेली पंचवीस-तीस वर्षं जातो आहे. पेंधर, घोट, नावडे, तोंडरे, वलप, पाचनंद. काही घरांत आधी आजोबांच्या दहाव्याला बोललो, मग मुलाच्या, आणि आता नातवंडं फोन करतात, "महाराज, या." तिथे मला विचारला गेलेला एक प्रश्न या पुस्तकात यावा असं मला वाटत होतं, कारण तो एका घराचा नाही. त्याच गावच्या सप्ताहात मी हा विषय घेतला, मुलांनी तो मोबाईलवर ध्वनिमुद्रित केला, मंडळींनी उतरवून काढला. तारखा आणि सनावळ्या मी नंतर बसून घातल्या. कीर्तनात तारखा सांगितल्या तर टाळकरी जांभया देतात, पण छापील पानाला त्या लागतात.

तर झालं असं. एक माय गेली. वारकरी बाई, गळ्यात माळ, आयुष्यभर भाताची लावणी केलेली. तिसऱ्या दिवशी राख सावडली, अस्थी वेगळ्या काढल्या, लाल कपड्यात बांधून गाठोडं स्मशानाजवळच्या झाडाला टांगलं. दहाव्याला प्रवचन संपवून मी चहा घेत होतो, तेव्हा दोन भाऊ आणि त्यांची बहीण माझ्यासमोर येऊन बसली. थोरला म्हणाला, "नाशिकला न्यायच्या. बापाच्या तिकडेच नेल्या होत्या." धाकटा म्हणाला, "आईचा जीव शेतात होता. खड्डा घेऊ, त्यात अस्थी ठेवू, वर आंबा लावू." थोरला हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "कुठल्या शेतात? तिथे कंपनीची भिंत आहे. वॉचमन आत सोडेल का?" जमीन औद्योगिक वसाहतीत गेलेली, उरलेल्याच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड, त्यावर इमारत. बहीण खाली मान घालून म्हणाली, "ती पंढरपूरला न्या म्हणाली असती." एवढ्यात मागून एक म्हातारबाबा बोलले, "आपली वाडवडिलांची तर कासाडीलाच जायची."

त्यावर कोणी काही बोललं नाही. कासाडीचं नाव निघालं की त्या भागात हल्ली असंच होतं.

माऊली, तुमच्याही घरी हा प्रसंग आला असेल, किंवा येणार आहे. आणि तेव्हा कोणीतरी ठामपणे सांगतं, "शास्त्रात असंच आहे." म्हणून आधी शास्त्रच बघू.

आश्वलायन गृह्यसूत्र हा आपला जुना ग्रंथ. घरातले संस्कार कसे करावेत ते त्यात सांगितलं आहे, आणि अस्थिसंचयनाचा विधीही आहे. अस्थी अंगठा आणि अनामिकेच्या चिमटीने उचलायच्या, एकेक करून, आवाज होऊ न देता. सुरुवात पायाच्या अस्थींपासून, शेवट मस्तकाच्या. कुंभात भरायच्या. इथवर तुमच्याआमच्या सावडण्याशी जुळतं. पण पुढे काय सांगितलं आहे? तो कुंभ खड्ड्यात ठेवायचा. खड्डा असा निवडायचा की पावसाशिवाय इकडून-तिकडून पाणी वाहून येणार नाही. वर माती टाकायची, मागे वळून न पाहता परत यायचं, स्नान करायचं. वाहत्या नदीत सोडा असं तिथे म्हटलेलं नाही. उलट पाण्यापासून जपा, असं सांगितलं आहे.

म्हणजे धाकटा जे बोलला, त्याला शास्त्राचा आधार होता. त्यालाच ते माहीत नव्हतं.

आणखी मागे जा. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी बरीच वर्षं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. ती माणसं गेलेल्याला जाळत नव्हती, पुरत होती. लहान मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. जिथे आई भाकरी भाजते तिथे खाली लेकरू. मोठ्या माणसाचे पाय मात्र घोट्यापाशी तोडलेले सापडले. अभ्यासक म्हणतात, गेलेल्याने उठून कुठे जाऊ नये, घरापाशीच राहावं, म्हणून असेल. आपण आज म्हणतो, मोकळा होऊन जाऊ दे. ते म्हणत होते, जाऊ नकोस. माया दोन्हीकडे तीच.

मग नदी कधी आली? ती पुराणांनी आणली. गंगेत अस्थी जितका काळ राहतील तितका काळ त्या जिवाला स्वर्ग, असं पुराणकार सांगू लागले. माणसं प्रयाग-काशीला निघाली. ज्यांना तेवढं जमेना त्यांनी गोदावरीला दक्षिणगंगा मानलं आणि नाशिकला रामकुंड गाठलं. आजचं रामकुंड १६९६ मध्ये बांधलं गेलं आणि पुढे पेशव्यांच्या गोपिकाबाईंनी दुरुस्त केलं असं जुन्या नोंदी सांगतात. तिथे अस्थी पाण्यात विरघळतात अशी श्रद्धा आहे. तुमच्या श्रद्धेला मी हात लावत नाही, मीही माझ्या वडिलांच्या अस्थी तिथेच दिल्या. पण एक लक्षात घ्या. गोदावरीला गंगा म्हणणारे आपले पूर्वज काय करत होते? लांबचं जमत नाही म्हणून जवळच्या पाण्यात तेच तीर्थ पाहत होते. ही वाट त्यांनी आपल्याला काढून दिली.

आता ज्या कथेवर हे सगळं उभं आहे ती घ्या. सगर राजाचे साठ हजार पुत्र. यज्ञाचा घोडा शोधत पाताळात गेले, कपिलमुनींना चोर समजून त्यांच्यावर धावून गेले आणि मुनींच्या दृष्टीने भस्म झाले. नातू अंशुमान शोधत गेला तेव्हा त्याला राखेचे ढीग दिसले. त्याने पाणी द्यायला पाहिलं, तर पाणीच नाही. गरुडाने सांगितलं, या राखेला गंगेचंच पाणी पाहिजे. अंशुमानाने तप केलं, झालं नाही. त्याचा मुलगा दिलीप, त्यालाही झालं नाही. दिलीपाचा मुलगा भगीरथ, त्याला झालं. तीन पिढ्या ती राख तशीच पडून होती.

ही कथा तुम्ही शंभर वेळा ऐकली असेल. मीही शंभर वेळा सांगितली आहे. पण जरा उलटी धरून बघा. भगीरथाने राख उचलून गंगेकडे नेली का? नाही. राख जिथे होती तिथेच राहिली. त्याने गंगा राखेकडे आणली! आणि आपण काय करतो? गाडी करतो, राख घेऊन पाण्याकडे जातो. दारातल्या पाण्याकडे कोणी बघत नाही.

दारातलं पाणी म्हणजे कासाडी. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतून वाहत ती पनवेलच्या बाजूला खाडीला मिळते. म्हातारबाबांच्या लहानपणी तिच्यात मासळी होती, पोरं डुंबत होती. २०१७ च्या ऑगस्टमध्ये याच भागात अंगावर निळा रंग चढलेली कुत्री रस्त्याने फिरताना लोकांनी पाहिली. रंगाच्या कारखान्याचं पाणी. त्यांचे फोटो देशभर गेले, परदेशी वर्तमानपत्रांत छापून आले. इथल्या मच्छीमार बांधवांनी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला. आता सांगा, ज्या पाण्यात कुत्र्याने पाय बुडवला तर तो निळा होऊन बाहेर येतो, त्या पाण्यात आपली आई कोण सोडील? म्हातारबाबांना कोणी उलट बोललं नाही. बोलायला काही उरलेलंच नव्हतं. गावाला नदी नसणं वेगळं, आणि नदी असून तिच्यात आईच्या अस्थी सोडता न येणं वेगळं.

कीर्तनात या ठिकाणी मी थांबतो, टाळ वाजतात, माणसं डोळे पुसतात. पानावर थांबता येत नाही, म्हणून पुढे जातो.

शास्त्र झालं, पुराण झालं, आता इतिहास. आपल्याच मुलखातल्या दोन माणसांच्या अस्थी परदेशाच्या मातीपाण्याशी कशा जोडल्या गेल्या ते सांगतो.

पहिले करवीरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० मध्ये इंग्लंड पाहायला गेले, वय विशीचं. परत येताना इटलीत फ्लॉरेन्स शहरात ३० नोव्हेंबरला त्यांचा देह पडला. तिथे तेव्हा माणूस जाळायची रीत नव्हती, परवानगी नव्हती. इटलीतलं पहिलं दहनगृह मिलान शहरात उभं राहिलं ते १८७६ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. महाराजांसोबतच्या माणसांनी खटपट करून खास परवानगी काढली आणि रात्री दहन केलं. पण जागा कुठली निवडली बघा. आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते, तो संगम. परक्या देशात, परक्या भाषेत, त्यांनी आधी संगम शोधला. पुढे १८७४ मध्ये तिथे महाराजांची छत्री उभी राहिली आणि अर्धपुतळा बसला. जवळच्या पुलाला आजही तिथले लोक 'हिंदी माणसाचा पूल' अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची आहे, आणि तळोज्यालाही. कल्याण इथून किती लांब? दिवा-पनवेल गाडीत बसा, दिव्याला बदला. त्या कल्याणच्या जोशांची यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं आणि नाव आनंदी पडलं. नवरा गोपाळराव पोस्टात कारकून. बदलीच्या गावांत आपल्या जिल्ह्यातलं अलिबागही होतं. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. बाईला तपासायला बाई डॉक्टर नाही, हे दुःख त्या पोरीच्या मनात रुतलं. इकडे अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या एका बाईने दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या मासिकात या जोडप्याविषयी वाचलं आणि पत्र पाठवलं. कोण कुठली! पत्रांतून मायलेकींसारखं नातं जुळलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानणारा तो काळ. मावशी न्यूयॉर्कच्या बंदरावर घ्यायला आल्या होत्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्री विभागावर नेमणूक झाली. पण अंगात क्षय मुरला होता. परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

आता त्यांच्या अस्थी कुठे न्यायच्या? गोदावरी होती, आळंदीची इंद्रायणी पुण्याच्या उशाशी होती. गोपाळरावांनी रक्षा पाठवली अमेरिकेला, मावशींकडे. मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी या गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत, आपल्या माणसांच्या शेजारी ठेवली आणि वर शिळा बसवली. शिक्षणासाठी देश सोडून गेलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा मजकूर त्या शिळेवर आहे.

गोपाळराव विक्षिप्त माणूस होते, हे चरित्रं वाचलेल्यांना माहीत आहे. त्यांच्या सगळ्या वागण्याची बाजू मी घेणार नाही. बायकोला अभ्यासासाठी मारणारा माणूस मला आवडत नाही, तो कितीही सुधारक असो. पण या एका निर्णयात त्यांना काहीतरी कळलं होतं. त्यांनी तीर्थ शोधलं नाही. या पोरीला जगात आपलं म्हणून कोणी जवळ केलं, हे त्यांनी पाहिलं. शिव्या पडल्या असतील. पडू देत. तिथे गंगा नाही, तुळस नाही, मंत्र म्हणणारा ब्राह्मण नाही. मावशी आहे. माझं मत विचाराल तर तिथे आनंदीबाईंची गती चुकली असं मला वाटत नाही.

म्हणून मी त्या तीन भावंडांना उलटा प्रश्न विचारला. कुठे न्यायच्या ते राहू द्या. आईला कुठे बरं वाटायचं, ते सांगा. मग तिघंही एकदम बोलायला लागली. दहा दिवसांत पहिल्यांदा ती भांडणाचं सोडून आईचं बोलत होती.

एक गोष्ट मात्र मी त्यांना निक्षून सांगितली आणि तुम्हालाही सांगतो. ठरत नाही म्हणून गाठोडं टांगून ठेवू नका. महात्मा गांधींचं उदाहरण घ्या. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी प्रयागला त्यांच्या अस्थींचं विसर्जन झालं, आणि देशभरातल्या कितीतरी नद्यांना कलश गेले. सगळं झालं असं देशाला वाटलं. पण ओडिशात कटकच्या एका बँकेच्या लॉकरमध्ये एक पेटी राहून गेली होती. ती ताब्यात घेण्यासाठी त्यांच्या पणतवाला न्यायालयात जावं लागलं, आणि ३० जानेवारी १९९७ रोजी प्रयागच्या संगमात त्या अस्थी पोहोचल्या. एकोणपन्नास वर्षं! आणखी एक कलश दुबईतल्या एका व्यापाऱ्याकडून मुंबईच्या मणिभवनात आला. संग्रहालयात ठेवावा असा विचार होता. घरच्या मंडळींनी ठेवू दिला नाही, आणि ३० जानेवारी २००८ ला गिरगाव चौपाटीच्या समुद्रात त्याचं विसर्जन झालं. राष्ट्रपित्याच्या अस्थींचं असं झालं, तर आपल्या घरी काय होईल? थोरला रागावून दुबईला गेला, धाकट्याने घर बदललं, आणि गाठोडं झाडालाच. झाड तोडायला नगरपालिकेची माणसं आली की मग आठवण. असं मी पाहिलेलं आहे. कुठे, ते सांगत नाही.

आता थोडं व्यवहाराचं. बरेच लोक दोन वस्तूंची गल्लत करतात. अस्थी वेगळ्या, राख वेगळी. चितेला तीन-चारशे किलो लाकूड लागतं, त्यामुळे राख जी उरते ती बहुतेक लाकडाची. अस्थी म्हणून आपण जे निवडून घेतो ते ओंजळभर. शास्त्राने ज्याचा विधी सांगितला ते ही ओंजळ. पण आपली माणसं पोतीच्या पोती राख, जळके ओंडके, हार, उशी, औषधाच्या बाटल्या, सगळं नदीत लोटतात आणि म्हणतात, विसर्जन झालं. माऊली, ते विसर्जन नव्हे. खाली कोणीतरी त्या पाण्यात हंडा बुडवतो. आपल्या माणसाच्या नावाने दुसऱ्याच्या पाण्यात घाण गेली, तर ते पुण्य कोणाच्या खात्यात लिहायचं?

राखेचं काय करायचं हे कोकणातल्या शेतकऱ्याला मी शिकवायला नको. राब कशासाठी भाजतो आपण? पाला-कवळं जाळून त्या जागी भाताचं रोप टाकतो. राखेतून रोप जोमाने येतं, हे आपल्या आज्या-पणज्यांना माहीत होतं. उरलेलं हाडही चुन्याच्याच जातीचं असतं, ते मातीला परकं नाही. घाटावर आता कितीतरी गावांत राख शेतात टाकतात, खड्ड्यात घालून वर झाड लावतात. जुनी माणसं कुरकुर करतात, म्हणतात हे नवीन फॅड. त्यांना आश्वलायनाचा खड्डा दाखवा.

तर त्या घराचं काय ठरलं? स्वतःची जमीन नाही, पण बहिणीच्या सासरी कर्जत तालुक्यात अजून भातशेती आहे. ती म्हणाली, "माझ्या बांधावर द्या." थोरल्याला आधी ते पटेना, आईची राख जावयाच्या शेतात कशी? मी म्हटलं, आई लेकीकडे बाळंतपणाला जात होती की नाही? मग आताच का अडतं? तो हसला. या वेळचं हसणं बरं होतं. राख लेकीच्या बांधावर गेली, वर आंब्याचं कलम लागलं. ओंजळभर अस्थींतल्या थोड्या थोरल्याने नाशिकला नेल्या, बापाच्या जागी. आणि थोड्या ठेवल्या आषाढीला पंढरपुरासाठी. वाटून दिल्याने काही उणं होत नाही.

पंढरपूरचं नाव निघालं, आता ज्या कथेसाठी हा सगळा पूर्वरंग केला ती सांगतो. अस्थींचा निर्णय कसा करावा याचा आपल्या संप्रदायातला सगळ्यात मोठा दाखला पुराणातला नाही, तो मंगळवेढ्याचा आहे.

चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीच्या कामावर होते. शके १२६०, म्हणजे १३३८ साल, वैशाख वद्य पंचमी असं परंपरा सांगते. वेठीचं काम. भिंत कोसळली आणि कितीतरी मजूर खाली गाडले गेले. चोखोबाही. गरिबाच्या मरणाची घाई कोणाला? ढिगारा तसाच पडून राहिला. बातमी पंढरीत आली तेव्हा नामदेवराय निघाले. मंगळवेढं पंढरपुरापासून वीस-पंचवीस किलोमीटर. ढिगारा उपसला तर सगळ्यांची हाडं एकात एक. कुठलं हाड कोणाचं? तिसऱ्या दिवशी सावडतानाही आपला हात थरथरतो, आणि इथे तर सांगाडेच सांगाडे. नामदेवराय एकेक हाड उचलायचे आणि कानाला लावायचे. ज्या हाडातून विठ्ठल विठ्ठल ऐकू यायचं, ते चोखोबांचं.

तुम्ही म्हणाल, हे कसं शक्य आहे? मी त्या वादात पडत नाही. माझं लक्ष त्या कानाकडे जातं. शिंप्याच्या घरातला, सगळ्या महाराष्ट्राने संत मानलेला माणूस, ज्याच्या सावलीचा विटाळ मानायचे त्या माणसाचं हाड उचलतो आणि गालाला लावतो. आश्वलायनाने चिमटीने उचला म्हटलं, नामदेवांनी कानाशी धरलं. चोखोबा जिवंत असताना त्यांना कोणी असं जवळ घेतलं होतं?

आणि मग प्रश्न तोच, जो तळोज्याच्या तीन भावंडांनी मला विचारला. न्यायच्या कुठे? नामदेवरायांसमोर तर भीमा होती, चंद्रभागा होती. आमच्या वारकऱ्याला चंद्रभागेपेक्षा मोठं तीर्थ नाही. पुराण, रूढी, सगळं म्हणत होतं पाण्याला द्या. दिलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. उलट सगळे सुटले असते, कारण पाण्यात दिलेलं दिसत नाही, विसरता येतं.

नामदेवांनी चंद्रभागेला दिल्या नाहीत. महाद्वारासमोर जमिनीत ठेवल्या आणि वर समाधी बांधली. ज्या दाराच्या आत जन्मभर येऊ दिलं नाही, त्याच दारात. आयुष्यभर बाहेर उभं राहून ज्याने आत बघितलं, त्याला त्यांनी तिथून हलवलंच नाही. आत जाणाऱ्या प्रत्येकाने आता त्याच्यासमोरून जायचं. बडवे असोत, पाटील असोत, राजा असो.

इथे मला नेहमी सोयराबाई आठवतात, चोखोबांच्या पत्नी. त्यांना कोणी विचारलं असेल का, कुठे ठेवू म्हणून? परंपरा त्याबद्दल गप्प आहे. म्हणून सांगतो, तुमच्या घरी ठरवायला बसाल तेव्हा बायकांना स्वयंपाकघरात ठेवू नका. बहुतेक वेळा गेलेल्याच्या मनातलं त्यांनाच माहीत असतं.

नामदेवरायांनी पुढे स्वतःसाठीही जागा निवडली ती महाद्वाराची पायरी. १३५० मध्ये त्यांनी तिथे देह ठेवला. संतांचे पाय आपल्याला लागावेत हा त्यांचा भाव, तो आपण सगळे सांगतो. पण ती पायरी चोखोबांच्या समोर आहे, हे कमी लोक सांगतात.

आणि दार कधी उघडलं? १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. १ मे ते १० मे. त्यानंतर विठ्ठलाचं मंदिर हरिजनांसाठी खुलं झालं. १३३८ ते १९४७, सहाशे नऊ वर्षं ती समाधी दारात उभी होती. नदीला दिल्या असत्या, तर दाराला इतकी वर्षं आठवण कोणी करून दिली असती?

या आषाढीला जाल तेव्हा महाद्वारात रेटारेटी असेल, पोलीस पुढे ढकलत असतील. तरी नामदेव पायरीला हात लावून वर चढायच्या आधी एकदा मागे वळून बघा. समोरच चोखोबा आहेत. आणि तिथून चंद्रभागेचा घाट किती पावलांवर आहे, तेही मोजून घ्या.